बाज पायथ्याकडून बघा

अमरावती-अकोल्याकडच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेली बाज आज आडवी करू. बसायची घाई नको. आधी तिच्या पायथ्याशी उभे राहू.

अंगाखालची वीण अंबाडीची. कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडी पेरली, पाला भाजीला गेला, काड्या पाण्यात कुजवून साल सोलली, त्या वाखाला पीळ दिला की दोरी. पायथ्याशी मात्र निळं नायलॉन! जुनी दोरी तुटली म्हणून हाती आली ती बांधली, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आता त्या निळ्या फेऱ्यांत मला विणणाऱ्याची जाण दिसते.

नीट बघा, वीण पायथ्यापर्यंत जातच नाही. वीतभर अलीकडे ती एका आडव्या जाड दोरावर थांबते, आणि तो दोर ताणदोरीनं पायथ्याच्या लाकडाशी आवळलेला असतो. बाजेला झोळ आला की एवढी ताणदोरी ओढायची, वीण उसवायची नाही. सगळी ओढाताण त्या वीतभर जागेत. तिथं न कुजणारं, चिवट नायलॉनच हवं. अंगाखाली तेच नायलॉन घामानं चिकटतं, गुळगुळीत म्हणून सरकतं. अंबाडी खरखरीत, एक पदर दुसऱ्याला धरून राहतो, घामही टिपते. पारा ४५ अंशांवर गेलेल्या दिवसानंतर अंगणात पाठीला जो वारा लागतो, तो हिच्याच फटींतून.

आता विणीवर तळवा दाबा. दोऱ्या तिरप्या गेल्यात, म्हणून इथं दाबलं की पार तिकडच्या कोपऱ्यातली दोरी हलते. एका माणसाचा भार चारही लाकडं वाटून घेतात. बाजेत मला याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्यानं १९५८ च्या भारतावरील अहवालात आपल्या लोट्याची थोरवी सांगितली, तीही तो हाताला कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो असे साधे प्रश्न विचारून. बाजेलाही असंच विचारत जा. नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीची बाज धुवायला सोपी, हे खरं. पण सतत उन्हात राहून पट्टी ठिसूळ होते, आणि ओल आली-गेली तरी तिला पत्ता नसतो.

अंबाडीला असतो. पावसाळी हवेत ती फुगते, आखडते, बाज ताठ होते; ताणदोरी सैल केली नाही तर चौकट पिळते. मृगाचा पाऊस पडून गेला की माझी आजी बोटानं वीण वाजवून बघायची. आवाज चढा आला की म्हणायची, "अवो, दोरी ढिली करा जरा."