मुहूर्तमेढ किती खोल?

एखाद्या कामाची सुरुवात झाली की आपण म्हणतो, अमक्याने त्याची मुहूर्तमेढ रोवली. मेढ म्हणजे मंडपाचा खांब. नारळ फुटताना सगळ्यांचे लक्ष त्याला बांधलेल्या आंब्याच्या डहाळीकडे असते. खांब जमिनीत किती गेला आहे, हे विचारणारा एखादाच.

असा एकजण आमच्या लालबागच्या चाळीत होता. गिरणीत जॉबर, मूळ गाव रत्नागिरीकडचे. सारी चाळ त्यांना काका म्हणे. एका गणपतीत आम्ही पोरांनी पहारीने वीत-वीतभर खड्डे केले, बांबू उभे केले, कडेने दगड ठोकले. काकांनी एक बांबू हलवून पाहिला आणि म्हणाले, "काय रे, मेढी रोवताय की उदबत्त्या खोचताय?" आम्ही हसलो.

तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी वाऱ्यासह पाऊस आला. कनात शिडासारखी फुगली आणि पुढचे दोन खांब बायका-मुलांच्या अंगावर कलले. मोठ्या माणसांनी ते हातांनी तोलून धरले, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी काकांनी पहार हातात घेतली. कुंपणाचा खांब असेल तर त्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत, हा त्यांचा हिशेब. नऊ फुटांचा खांब असेल तर तीन फूट खाली, सहा वर. पहारीला तेवढ्या अंतरावर सुतळी बांधायची, म्हणजे खड्डा मोजायला टेप लागत नाही. कोपऱ्याच्या खांबाला तारेचा ताण एकाच बाजूने बसतो, म्हणून तो जास्त खोल, शिवाय आतून तिरका टेका. माती एकदम लोटायची नाही. वीतभर टाकायची, ठेचायची, मग पुढची वीत.

यामागे साधे शास्त्र आहे. खांब ही एक तरफ आहे. वारा वरच्या टोकाला ढकलतो, तेव्हा खालचे टोक उलट्या दिशेने मातीवर रेटते. खोल गेलेली माती वरच्या वजनाने दाबलेली असते, ती सहज सरकत नाही. त्यामुळे खोली दुप्पट केली की पकड दुपटीपेक्षा बरीच जास्त वाढते. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि खांबाला वर ढकलते. म्हणून तिथे खड्डा त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली नेतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. भिजलेली माती पकड सोडते. त्यातच मुंबईची कितीतरी जमीन खाड्या बुजवून केलेली, भरावाची. अशा सैल जमिनीत पुस्तकी मापही अपुरे पडते.

मग वीस फुटी मंडपाचे खांब सात फूट पुरायचे का? नाही. कुंपणाचा खांब बराचसा आपल्याच बळावर उभा असतो, मंडपाचे खांब एकमेकांचे हात धरतात. आडवे वासे, तिरक्या कैच्या आणि काथ्याच्या पक्क्या गाठी हे बरेचसे काम करतात. आमच्या मंडपात खोली नव्हती आणि कैच्याही नव्हत्या.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. तेव्हापासून मुंबईचा रस्ता बदलला. आता वर सिमेंट काँक्रीट आणि खाली पाण्याच्या, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा. तिथे पहार मारणे म्हणजे कशावर घाव बसेल याचा नेम नाही. २०२२ साली लालबागमधल्या एका प्रसिद्ध मंडळाला १८३ खड्ड्यांसाठी ३ लाख ६६ हजार रुपये दंडाची नोटीस आली, म्हणजे खड्ड्यामागे २ हजार. २०२५ साली महापालिकेने हा दर १५ हजार केला. मंडळांनी विरोध केल्यावर तो पुन्हा २ हजारांवर आला.

दंड किती असावा, यावर वाद होत राहील. पण जिथे खोल जाता येत नाही, तिथे रुंद आणि जड व्हावे लागते, हे वाऱ्याला मान्य आहे. खांबाच्या बुडाशी लोखंडी पाट, वाळूच्या गोण्या किंवा काँक्रीट भरलेले पिंप, आणि वर कैच्या. यात खर्च आणि जागा दोन्ही लागतात, हे खरे. पण जाणकाराकडून हिशेब करून घेतला, तर रस्ता न फोडताही मंडप उभा राहतो.

काकांची शेवटची शिकवण विसर्जनानंतरची. आम्ही दमून झोपायला निघालो होतो. त्यांनी आम्हाला परत बोलावले आणि कंदिलाच्या उजेडात एकेक खड्डा भरून, ठेचून घेतला. म्हणाले, "पहाटे पाळीला जाणारा माणूस अंधारात चालतो रे. त्याचा पाय मोडला तर बाप्पा कोणाला विचारील?"

खांब किती खोल रोवला, ते वादळात कळते. तो खड्डा कोणी बुजवला, ते दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याने जाणाऱ्याला कळते. यंदा तुमच्या मंडळात मुहूर्तमेढ रोवाल, तेव्हा दोन्ही प्रश्न विचारा.