शिसव, हस्तिदंत आणि यंत्रबुद्धी

मालमत्ता हा शब्द उच्चारला म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शेत, घर आणि चार दागिने उभे राहतात. परंतु गेल्या दीड शतकात कायद्याने आणखी एका प्रकारच्या मालमत्तेला मान्यता दिली आहे. ती तिजोरीत ठेवता येत नाही आणि तिची चोरी झाली तरी मालकाच्या घरातून काहीही नाहीसे होत नाही. नव्या यंत्राची कल्पना, मालावरची खूण, वस्तूचा घाट आणि ती जिथे घडते त्या गावाचे नाव यांवरील हक्क म्हणजे ही औद्योगिक मालमत्ता. 1883 साली पॅरिस येथे झालेल्या कराराने या हक्कांना आंतरराष्ट्रीय रूप दिले आणि डिसेंबर 1998 मध्ये भारत त्या करारात सामील झाला.

या मालमत्तेच्या दाराशी आता एक नवा पाहुणा आला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. त्याला आवर घालण्याकरिता देशोदेशी नियम लिहिले जात आहेत. त्या नियमांची चर्चा बहुधा प्रचंड कारखाने आणि त्याहून प्रचंड कंपन्या यांच्या संदर्भात होते. ते स्वाभाविकही आहे. तथापि एखाद्या कायद्याची खरी परीक्षा मोठ्यांच्या वाड्यात होत नाही. ती लहानांच्या पडवीत होते. अशी एक पडवी म्हैसूर शहरातील मंडी मोहल्ल्यात आहे.

जुन्या म्हैसुरातील हा मोहल्ला दाट वस्तीचा, व्यापाराचा आणि कारागिरांचा. शिसवी लाकडावरील जडावकाम करणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांत मुसलमान कुटुंबांचा वाटा मोठा आहे. 1897 च्या आगीनंतर बांधलेला आणि 1912 साली पुरा झालेला म्हैसूरचा राजवाडा पाहून आलेल्या प्रवाशाला तेथील शिसवी दरवाजे आठवत असतील. काळसर लाकडात हस्तिदंताची शुभ्र नक्षी बसविलेले ते दरवाजे म्हणजे या कलेचे राजवैभव. काम करण्याची रीत सांगायला सोपी आहे, साधायला कठीण. प्रथम कागदावर चित्र काढावयाचे. त्याचे तुकडे करून निरनिराळ्या रंगांच्या लाकडांवर चिकटवावयाचे आणि बारीक पात्याच्या करवतीने ते आकार कापून घ्यावयाचे. मग शिसवी फळीवर तेवढ्याच आकाराचे खाचे कोरून त्यांत हे तुकडे बसवावयाचे, घासून सपाट करावयाचे, बारीक रेघा कोरावयाच्या आणि शेवटी पॉलिश द्यावयाचे. तुकडा खाचेत केसभरही सैल बसला तर सगळे काम फुकट जाते.

दूरच्या राजधानीत केलेला कायदा या मोहल्ल्यातील करवतीपर्यंत कसा येऊन पोहोचतो, याचा अनुभव येथील कारागिरांना दोनदा आलेला आहे. पहिला प्रसंग हस्तिदंताचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली दुरुस्ती झाली आणि भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला. 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंतालाही तीच बंदी लागू झाली. हत्ती वाचावयास हवा होता, यात वाद नाही. पण ज्या पांढऱ्या पदार्थावर या कलेचे तेज अवलंबून होते, तोच हातातून गेला. कारागिरांनी प्लॅस्टिक वापरून पाहिले, फणसाच्या पिवळ्या लाकडापासून तांबूस व पांढरट लाकडांपर्यंत निसर्गाचे रंग जमविले आणि कला जगविली. दुसरा प्रसंग शिसवाचा. जगातील दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने 2 जानेवारी 2017 पासून शिसवाचे सारे कुलच आपल्या यादीत घेतले. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या शिसवी मालाबरोबर कागदपत्रे जोडण्याचा प्रश्न उभा राहिला.

या दोन्ही कायद्यांनी एकच प्रश्न विचारला होता: ही वस्तू कशाची केली आहे? तिसरा कायदा येत आहे तो मात्र वेगळा प्रश्न विचारणार आहे: ही वस्तू कोणी केली? आणि म्हणूनच, पहिल्या दोन कायद्यांनी कारागिराकडून काही काढून घेतले असले तरी तिसरा त्याला काही देऊ शकतो. देईल की नाही, हे त्याचे शब्द कसे लिहिले जातात यावर अवलंबून आहे.

यंत्रबुद्धीची करामत थोडक्यात अशी. तिच्यापुढे लाखो चित्रे ठेवली जातात. त्यांतील रेषांचे, रंगांचे आणि मांडणीचे परस्परसंबंध ती टिपून घेते आणि मग मागणी होताच त्या धर्तीचे नवे चित्र क्षणात काढून देते. एखाद्या जडावकामाच्या दुकानाने आपल्या मालाची छायाचित्रे महाजालावर ठेवली असतील, तर तीही या शिक्षणात वापरली गेली असण्याचा संभव असतो. यंत्राने काढलेले चित्र थेट लेझरच्या कातरणीला जोडता येते. पूर्वी नक्कल करणाऱ्याला निदान वस्तू विकत आणून तिच्यापुढे बसावे लागे. आता तेवढीही तसदी उरलेली नाही.

आजचा कायदा या कारागिराला कोणते संरक्षण देतो? 1999 च्या कायद्यान्वये ‘म्हैसूर रोजवुड इनले’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हे मानांकन नावाचे रक्षण करते. दुसऱ्या ठिकाणच्या मालावर ते नाव घालता येत नाही. परंतु नाव न घालता तशीच नक्षी कोणी कापली, तर हा कायदा बहुतेक वेळा मूक राहतो. वस्तूच्या घाटाचे रक्षण 2000 सालचा डिझाइन कायदा करतो. त्याची मुदत 10 वर्षे असून आणखी 5 वर्षे वाढविता येते. मात्र घाट नवा असावा लागतो आणि नोंदणीपूर्वी तो प्रसिद्ध झालेला नसावा लागतो. म्हणजे आजोबांच्या काळापासून चालत आलेला हत्ती नोंदविता येत नाही; आणि काल काढलेला नवा मोरही, त्याचे छायाचित्र आधीच जगजाहीर झाले असल्यास, नोंदविणे कठीण होते. राहिला 1957 चा स्वामित्वहक्क कायदा. त्यातील 15 वे कलम सांगते की, नोंदणीस पात्र असूनही न नोंदविलेल्या घाटाच्या वस्तू औद्योगिक रीतीने पन्नासाहून अधिक वेळा काढल्या गेल्या, म्हणजे त्या घाटावरील स्वामित्वहक्क संपतो. आणि ज्याला मर्यादा 50 ची आहे हेच ठाऊक नाही, त्याने ती मोजावी कशी?

यंत्राच्या बाजूनेही कायद्याने एक रेघ ओढलेली आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये असा निर्णय दिला की, त्या देशाच्या पेटंट कायद्याप्रमाणे शोधक हा मनुष्यच असला पाहिजे, यंत्र नव्हे. तेव्हा यंत्र मालक होऊ शकत नाही, हे त्या न्यायालयापुरते तरी स्पष्ट झाले. यंत्राने ज्यांच्यापासून शिकून घेतले, त्यांचे देणे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

आता कारखानदाराची बाजू पाहू. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा 1 ऑगस्ट 2024 रोजी अंमलात आला. त्याने धोक्याच्या प्रमाणात बंधने घातली आहेत. कामगाराच्या चेहऱ्यावरून अथवा आवाजावरून त्याच्या भावना ताडणारी यंत्रणा कामाच्या जागी वापरण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, 2 फेब्रुवारी 2025 पासून मनाई आहे. नोकरभरती करणाऱ्या, कामाची वाटणी करणाऱ्या आणि कामगारांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांना त्याने अधिक धोक्याच्या वर्गात घातले आहे. या वर्गाच्या तरतुदींची मुदत पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला. निषिद्ध गोष्ट केल्यास दंड 3 कोटी 50 लाख युरो अथवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्के, यांपैकी अधिक असेल तेवढा होऊ शकतो. लहान उद्योगांसाठी मात्र यांपैकी कमी असेल ती रक्कम धरावी, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. लहान आणि मोठा यांना एकाच मापाने मोजू नये, हे तत्त्व म्हणजे कायद्याला न झेपणारी गोष्ट नव्हे, हे यावरून दिसते.

भारताने यासाठी स्वतंत्र कायदा न करता नोव्हेंबर 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि चालू कायद्यांचाच उपयोग करण्याचे धोरण सांगितले. त्याच महिन्याच्या 21 तारखेस नव्या कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी 20 आणि न वापरणाऱ्या ठिकाणी 40 कामगार असतील, तरच त्या जागेला कारखाना म्हणावयाचे. जुन्या 1948 च्या कायद्यात हे आकडे 10 आणि 20 असे होते. चारपाच करवतींवर चालणारी जडावकामाची जागा यांपैकी कोणत्याच व्याख्येत बसत नाही. तिला निरीक्षकाचा जाच नाही हे खरे. पण कारखाना म्हणून सरकारदरबारी तिची मोजदादही नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याची बाजू नियम लिहिताना कोण मांडणार?

नोंदवहीतील नावाला किती किंमत असते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र केला नाही. गदारोळ झाला, कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली. दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा आहे, याचिकाकर्त्यांचा नव्हे, हा त्यातला मुख्य मुद्दा. ते मालक म्हणजे महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. कारण कोल्हापुरी चपलेचे मानांकन दोन्ही राज्यांतील मिळून 8 जिल्ह्यांचे आहे. डिसेंबर 2025 मध्ये त्याच दोन महामंडळांशी कंपनीने करार केला आणि 2000 जोड येथील कारागिरांच्या सहभागाने तयार करण्याचे ठरले. वहीत नाव होते, म्हणून बोलणी करावयास कोणीतरी होते.

मंडी मोहल्ल्यालाही हाच धडा लागू पडतो. मानांकनाच्या कायद्यात केवळ मालक संस्थेची नव्हे, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करण्याची सोय आहे. ती सोय कागदावर राहिली तर नावाचा लाभ व्यापाऱ्याला आणि श्रम कारागिराला, ही जुनी वाटणी चालूच राहील. डिसेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक मसुदा पुढे केला. यंत्रबुद्धी घडविणाऱ्या कंपन्यांना चित्रे, लेखन इत्यादी वापरण्याचा सरसकट परवाना द्यावा, त्यांच्याकडून मोबदला घ्यावा आणि तो एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कदारांना वाटावा, अशी ती सूचना आहे. ज्याची कृती नोंदलेली, त्याला वाटा, अशीच अशा योजनांची रीत असते. म्हणजे येथेही प्रश्न वहीचाच.

दुसरी उणीव खुणेची आहे. फेब्रुवारी 2026 मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि खऱ्यासारख्या भासणाऱ्या यंत्रनिर्मित चित्रांवर व ध्वनिफितींवर तशी खूण असणे आवश्यक केले. पण ही खूण पडद्यावरील चित्राची. त्याच चित्रावरून लाकूड कापून दुकानात मांडले, तर त्या फळीवर खूण करावी असे तो नियम सांगत नाही. चित्र कबुली देते. वस्तू मौन पाळते. वास्तविक हाताचे काम आणि यंत्राचे काम यांत भेद दाखविण्याची परंपरा आपल्याकडे आहे. 2006 साली सुरू झालेली हातमागाची खूण हे तिचे उदाहरण. पैठणी विकत घेणारी गृहिणी ती खूण पाहून पैसे मोजते. यंत्रमागावरचे लुगडे घेणाऱ्यालाही कोणी अडवीत नाही. शिसवी जडावाला अशी खूण देण्यात अशक्य असे काय आहे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लहान कारागिराच्या डोक्यावर आणखी कागदांचा भार कशाला? शिवाय उद्या त्याच्याच मुलाने यंत्रबुद्धीकडून आराखडा काढून घेतला आणि लेझरने तुकडे कापले, तर त्याला गुन्हेगार ठरवावयाचे काय? मुळीच नाही. फणसाचे लाकूड हाती घेणाऱ्या कारागिराने बदलाचे भय कधीच बाळगलेले नाही. यंत्र वापरण्याची मुभा असावी. फक्त वापरले ते सांगावे. आणि सांगण्याचे ओझे ज्याला यंत्राचा लाभ होतो त्याच्यावर असावे, ज्याची नक्कल होते त्याच्यावर नव्हे. नोंदणीचा खर्च आणि खटपट मानांकनाच्या मालक संस्थेने उचलावी, जुन्या नक्षींची छायाचित्रे व काढणाऱ्यांची नावे तिने तारीखवार जतन करावीत, आणि नवी नक्षी जगापुढे ठेवण्यापूर्वी ती नोंदवावयाची की नाही, एवढे तरी कारागिराला त्याच्या भाषेत विचारावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियम अजून ओले आहेत. मातीच्या भांड्याला आकार द्यावयाचा तो भांडे भट्टीत जाण्यापूर्वीच. मोठे कारखाने आपल्या वकिलांमार्फत या मातीवर बोटे फिरवीतच आहेत. मंडी मोहल्ल्यातील, कोल्हापूरच्या चर्मकारवस्तीतील आणि येवल्याच्या मागावरील हातांचाही ठसा तीवर उमटला पाहिजे. तो उमटावयाचा तर प्रथम त्या हातांची नावे लिहून घ्यावी लागतील. आणि हे काम यंत्राला नव्हे, माणसांनाच करावयाचे आहे.