भरतीची तयारी: मैदान आणि वही



कुंभारीच्या विडी घरकुलातील आपली मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात, हे कौतुकास्पद आहे. परंतु शारीरिक चाचणीला गुण 50, तर लेखी परीक्षेला 100. ती मराठीतूनच होते. अंकगणित, बुद्धिमत्ता व सामान्य ज्ञानाबरोबर मराठी व्याकरणही असते. उर्दू माध्यमातील मुले नेमकी येथेच अडखळतात, हे मी शिक्षक म्हणून पाहिले आहे.

यावर उपाय आपल्याच हाती आहे. रोज मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. घड्याळ लावून 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवा. चुकलेले प्रश्न निराळ्या वहीत उतरवा व पुन्हा सोडवा.

पालकहो, संध्याकाळचा एक तास मुलांना मोकळा द्या. विड्या वळणाऱ्या आईच्या कष्टांचे चीज त्या तासात आहे.