हप्ता वयावर की वेतनावर?



खाजगी विमा कंपनी वय पाहून हप्ता ठरविते. कमाई थांबते त्याच वयात तो चढत जातो. १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य कामगार विमा योजना मात्र वेतन पाहते. २०१९ साली ठरलेल्या दराने २०,००० रुपये वेतनावर कामगाराने दरमहा १५० रुपये भरावयाचे, मालकाने ६५०. उपचार साऱ्या कुटुंबाला.

तिच्या दवाखान्यांत रांगा आहेत, औषधांचा तुटवडा आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याचा जाब सरकारला विचारता येतो. वाढत्या हप्त्याचा जाब कंपनीला कोण विचारणार?

म्हणून २०१७ साली लागू झालेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा उठवा, शेतमजूर व घरकामगारांना योजनेत घ्या आणि त्यांचा वाटा सरकारने भरावा, हीच आपली मागणी असली पाहिजे.