हौशी कारागिराचे वेल्डिंग टेबल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा एक दिवस रत्नागिरीतल्या अशाच एका व्यासपीठावर कोणी युनियनवाला उभा राहील आणि लोखंडी टेबलावर तासभर बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पण रानडे हे देशी उद्योगधंद्यांचे कैवारी होते, म्हणून ते आमच्यावर रागावणार नाहीत अशी आशा आहे. आमचे शिक्षण शाळेत कमी आणि कारखान्यांच्या फाटकांवर अधिक झाले. तेव्हा भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

विषय असा का निवडला, ते आधी सांगतो. अलीकडे आपल्या गावात एक नवे यंत्र घरोघर दिसू लागले आहे. इन्व्हर्टरचे छोटे वेल्डिंग मशीन. एका हाताने उचलावे एवढे हलके आणि घरच्या विजेवर चालणारे. पूर्वीचा तेलाने भरलेला, चार माणसांनी हलवावा लागणारा ट्रान्सफॉर्मर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे खेळणेच वाटेल. निवृत्त मास्तर ते घेतात, बँकेतले लोक घेतात, आंबेवाले बागाईतदार तर हमखास घेतात. कोणाला फाटकाची बिजागरी जोडायची असते, कोणाला कुंड्यांचा स्टँड करायचा असतो. हौस चांगली आहे. हाताला काम आले की माणसाला दुसऱ्याच्या कामाची किंमत कळते, आणि ती कळलेली माणसे आम्हांला हवीच आहेत.

पण मशीन आणतात, काच आणतात, रॉडचा पुडा आणतात, आणि काम कुठे करतात? तर अंगणात, जमिनीवर, उकिडवे बसून!

येथे आमच्या जुन्या जखमेला हात लागतो. आम्ही विशीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर होतो. शेडचे नाव घेत नाही. सगळे वेल्डर जमिनीवर बसून काम करीत. आमचे उस्ताद दिवसाचे आठ-नऊ तास उकिडवे बसत आणि संध्याकाळी उठताना भिंतीला धरून उठत. धूर सरळ वर जातो, आणि जमिनीवरच्या कामावर वाकलेल्या माणसाचे तोंड नेमके त्या धुराच्या वाटेत असते. उस्तादांना खोकला होता. डॉक्टर म्हणाले, विडीचा आहे. असेलही, विडी ते ओढत होतेच. पण ज्या दिवशी विडी नसे त्या दिवशीही धूर असेच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. ते वाचले तेव्हा उस्ताद हयात नव्हते.

आमच्या आयुष्यातले पहिले मागणीपत्र त्या शेडमधले. त्यात पगारवाढ होती, बोनस होता, आणि चौथ्या कलमात ‘वेल्डिंगसाठी दोन टेबले’ अशी मागणी होती. शेठ हसले. म्हणाले, “अरे, तुमचे बाप-आजे जमिनीवर बसूनच जेवले ना? मग काम करायला टेबल कशाला?” त्यावर उस्ताद एवढेच म्हणाले, “शेठ, जेवायला आम्ही पंधरा मिनिटे बसतो.” पगारवाढ थोडी मिळाली, टेबले मिळाली नाहीत. शेवटी एका रविवारी भंगारातल्या मालातून आम्हीच एक टेबल केले. ते कसे बिघडले, ते पुढे येईल.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात धुराविषयी कलम होते, डोळ्यांच्या रक्षणाविषयी होते. कायद्याचे पालन होवो न होवो, दाखवायला बोट तरी होते. हौशी माणसाचे तसे नाही. तेथे मालक तोच आणि मजूरही तोच; मागणीपत्र द्यायचे कोणाला? म्हणून आज ते आम्ही आपणा सर्वांपुढे ठेवीत आहोत.

टेबल केवढे असावे? घरच्या कामाला ९०० मिलिमीटर लांब आणि ६०० रुंद, म्हणजे अंदाजे तीन फूट बाय दोन फूट, पुष्कळ झाले. उंची आपल्या कोपराच्या किंचित खाली. उभ्याने काम करणाऱ्या बहुतेकांना ८५ ते ९० सेंटिमीटर जमते. पाठीचे दुखणे असेल तर टेबल ७० ते ७५ चे करून स्टुलावर बसावे. दुकानदार सांगेल त्या उंचीचे घेऊ नये. टेबल आपल्यासाठी असते.

बाजारात तयार टेबले मिळतात. परदेशात, विशेषतः जर्मनीत, जाड पोलादाच्या तक्त्यावर १६ किंवा २८ मिलिमीटरची भोके ओळीने पाडलेली, कसोशीने सपाट केलेली टेबले करतात. त्या भोकांत खुंट्या आणि शिकंजे बसवून काम जखडतात. वस्तू उत्तम, पण तिची किंमत कारखान्यासाठी आहे. दुसऱ्या टोकाला घडीचे पातळ पत्र्याचे स्वस्त टेबल. त्यावर दोन मिलिमीटरचा पत्रा असला तर पहिल्याच महिन्यात तो उष्णतेने पोटात जातो आणि मग त्यावर केलेली प्रत्येक चौकट वाकडी निघते. आमचे मत असे की, या दोहोंच्या मधले टेबल स्वतः करावे. टेबल करताना जे शिकाल ते टेबलावर काम करताना उपयोगी पडेल.

आता हिशेब. भाव आज एक आणि उद्या दुसरा, म्हणून आम्ही किलोत सांगतो. किलो बदलत नाहीत. एक मिलिमीटर जाडीची, एक चौरस मीटर पोलादी प्लेट ७.८५ किलो भरते. हा एक आकडा पाठ असला की भंगारवाला आपल्याला फसवू शकत नाही. आपल्या टेबलाचे क्षेत्र ०.५४ चौरस मीटर. सहा मिलिमीटरची प्लेट घेतली तर सव्वापंचवीस-साडेपंचवीस किलो, दहाची घेतली तर बेचाळीसच्या वर. सहाची चालते, पण खाली आधार दाट द्यावा लागतो. दहाची मिळाली तर उत्तम. खालच्या सांगाड्याला ४० बाय ४० बाय ५ चा अँगल पुरे. त्याचे वजन मीटरला तीन किलो. वरची चौकट तीन मीटर, मधली लांब पट्टी पाऊण मीटरहून थोडी अधिक म्हणजे ०.९, चार पाय मिळून साडेतीन मीटरांच्या आत, आणि पायांना खाली बांधणारी चौकट पुन्हा तीन मीटर. सारे मिळून सव्वादहा-साडेदहा मीटर. म्हणजे सहा मीटरचे दोन नग आणले की काम भागते, आणि उरलेला तुकडा पहिल्या सरावाला येतो.

पण अखंड प्लेटच हवी असे नाही. आम्हांला स्वतःला पट्ट्यांचे टेबल अधिक आवडते. ७५ बाय १० ची सहा मीटरची एक पट्टी आणावी. तिचे साठ-साठ सेंटिमीटरचे दहा तुकडे होतात. कापण्यात दोन-तीन मिलिमीटर जातात, त्याची चिंता नको. हे दहा तुकडे नव्वद सेंटिमीटरात आडवे मांडले की मध्ये साधारण साडेसोळा मिलिमीटरच्या नऊ फटी राहतात. वजन पस्तीस किलोच्या आसपास. त्या फटीतून शिकंजा आडवा करून घालता येतो, म्हणजे काम टेबलाच्या मधोमधही जखडता येते. अखंड प्लेटीवर ते फक्त कडेला जमते. फट ठरवण्यापूर्वी आपला शिकंजा तीत जातो का, एवढे पाहून घ्यावे. एखादी पट्टी जळून खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

भंगारात माल शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात. प्लेट उभी धरून कडेवरून एक डोळा मिटून पाहावे. पोक असेल तर लगेच दिसते. जाडी गंजाच्या थरासह मोजू नये. आणि जुन्या होडीचा किंवा यंत्राचा रंग लागलेला माल असेल तर त्या रंगात शिसे असू शकते. तो ग्राइंडरने उडवून त्याची धूळ नाकात घेऊ नये. पायांसाठी जुने नळाचे पाइप स्वस्त मिळतात, पण त्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जोडायच्या जागी तो घासून काढल्याशिवाय रॉड लावला तर पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या शेडमध्ये त्याला ‘पाइपाचा ताप’ म्हणत आणि दूध पीत. दुधाने काही होत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. मिरकरवाड्याच्या बाजूला डिझेलची रिकामी पिंपे पुष्कळ मिळतात. पिंप उपडे ठेवून त्यावर प्लेट टाकली की झाले टेबल, असे कोणाच्याही मनात येईल. कृपा करून येऊ देऊ नका. रिकामे पिंप रिकामे नसते, त्यात वाफ असते. ठिणगी किंवा उष्णता लागून अशी पिंपे फुटतात आणि माणसे मरतात. धुतले आहे, वर्षभर उन्हात आहे, हे सगळे ऐकू नका.

आता आमच्या रविवारच्या टेबलाची फजिती. माल मिळाला, सांगाडा झाला, वर आठ मिलिमीटरची छान प्लेट ठेवली, आणि उत्साहाच्या भरात चारी बाजूंनी अखंड वेल्ड मारून टाकला. सकाळी पाहतो तो प्लेट मध्ये पापडासारखी फुगलेली! वितळलेले लोखंड थिजताना आखडते आणि ज्या बाजूला वेल्ड असेल त्या बाजूला ओढते, हे उस्तादांना ठाऊक होते. ते त्या दिवशी गावी गेले होते. सोमवारी आले, टेबलावर हात फिरवला आणि म्हणाले, “घाई करणाऱ्याचे टेबल असेच व्हायचे.” पुढे सारे वेल्ड घासून काढून पुन्हा बसवावे लागले, तरी ते पूर्वीसारखे सपाट झाले नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. सपाट टेबल करायला सपाट टेबल लागते, आणि तेच नसते. ही पहिली अडचण. त्यासाठी दोन सरळ चॅनेल जमिनीवर समांतर ठेवावेत आणि पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांची चारही टोके एका पातळीत आणावीत. गवंडी हेच करतो. त्यावर वरची चौकट मांडावी. गुण्या लावावाच, पण केवळ गुण्यावर विसंबू नये. दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. मग चारी कोपऱ्यांना फक्त टाके मारावेत आणि कर्ण पुन्हा मोजावेत. हे पुन्हा मोजणे लोक टाळतात. नंतर एक कोपरा थोडा, समोरचा थोडा, असे फिरत फिरत भरावे. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साठ ते नव्वद अँपिअर, ३.१५ च्या रॉडला नव्वद ते एकशेतीस, आणि काच दहा किंवा अकरा नंबरची.

पट्ट्या बसवण्यापूर्वी चौकट पिळलेली नाही ना, हे पाहावे. चारी कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे चार नट ठेवावेत आणि कर्णावर दोन दोरे ताणावेत. मध्ये दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग खालचा दोरा वर घेऊन पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा नुसते टेकले तर चौकट खरी. एकदा दाबला जातो आणि एकदा फट राहते, तर पीळ आहे. जेथे कमी असेल तेथे पट्टीखाली पत्र्याची चकती सारावी. पट्ट्यांना खालच्या बाजूने दोन-दोन छोटे टाके पुरेत. अखंड वेल्ड नको, हे पुन्हा सांगायला नको.

पायांच्या तळाला मोठा नट वेल्ड करून त्यात बोल्ट घालावा, म्हणजे जांभ्या दगडाच्या खडबडीत अंगणातही टेबल पातळीत आणता येते. तेवढे जमत नसेल तर तीनच पाय करावेत. तीन पायांचे टेबल कधी डुगडुगत नाही, पण कडेला भार पडला तर कलंडते, म्हणून त्यावर जड काम करू नये.

टेबल ठेवायचे कोठे? बंद खोलीत नाही. पडवीच्या कडेला, वारा पाठीवर किंवा तोंडावर न येता बाजूने येईल असे. म्हणजे धूर बाजूला जातो. आता हापूसच्या पेट्या भरण्याचे दिवस आहेत. घरोघर पेंढा आणि लाकडी खोकी पडलेली असतात. ठिणगी आपल्या कल्पनेपेक्षा दूर जाते. चारी बाजूंना दहा-अकरा मीटर जळणारे काही नको. पाण्याची बादली आणि वाळू जवळ हवीच. काम संपल्यावर अर्धा तास तेथेच बसून राहावे. आग बहुधा माणूस चहाला गेल्यावर लागते. जमिनीवर काम करू नये याचे आणखी एक कारण येथेच सांगतो: सिमेंटच्या कोब्यात मुरलेल्या पाण्याची उष्णतेने वाफ होते आणि तुकडे उडतात.

विजेची एक गफलत फार जण करतात. मशीनची जी दुसरी तार टेबलाला चिमट्याने लावतात, तिला सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात. ती अर्थिंग नव्हे. ती प्रवाह परत नेणारी तार आहे. तिचा चिमटा घासून साफ केलेल्या लोखंडावर, शक्यतो कामाच्या जवळ लावावा. खरी अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधली, आणि ती घरात खरोखर चालू आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. होल्डरमध्ये काम नसतानाही साठ ते नव्वद व्होल्ट असू शकतात. कोरड्या अंगाला त्याचे काही वाटत नाही, घामाने भिजलेल्याला वाटते. पायाखाली कोरडी फळी ठेवावी. पावसाळ्यात उघड्यावर काम करू नये.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि त्यात खारा वारा. सांगाड्याला रंग द्यावा, पण वरच्या पट्ट्यांना देऊ नये. रंगावरून प्रवाह नीट जात नाही आणि रंग जळून धूर होतो. काम संपले की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि पुढच्या वेळी काम सुरू करण्यापूर्वी ते तेल पुसून टाकावे. मे संपायच्या आत सांगाडा रंगवून घेतला तर बरे. जूनमध्ये रंग वाळत नाही.