ध्वनिफितीवरील आवाज आणि हेडमधील चुंबकत्व

नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगाव हे पांढुर्णा-सौंसर या मराठी मुलखातील गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. सीमा बदलल्या, तरी घरातील भाषा मराठीच राहिली. मात्र सीमेवरच्या बोलीचा हेल छापील कागदावर उतरत नाही. तो आवाजातच जगतो. म्हणून अशा मुलखातील एखाद्या घरी रिळांचा जुना टेपरेकॉर्डर निघाला आणि त्यासोबत आजीच्या ओव्यांची अथवा भजनी मंडळाची फीत निघाली, तर ती केवळ कौतुकाची वस्तू नव्हे. तो एक दस्तऐवज होय. अशी फीत यंत्रावर चढवण्यापूर्वी यंत्राचे हेड चुंबकत्वापासून मुक्त आहे ना, हे पाहावे लागते. हे चुंबकत्व घालवणारे साधन म्हणजे डिमॅग्नेटायझर. ते कसे निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन संशोधकाने १९२८ मध्ये चुंबकीय भुकटीचा लेप दिलेली कागदी फीत सिद्ध केली आणि १९३५ च्या बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. तेव्हापासून या विद्येचे मूलतत्त्व एकच आहे. हेड म्हणजे मृदू चुंबकीय धातूच्या गाभ्यावर गुंडाळलेली तारेची वेटोळी. त्या गाभ्यात एक अतिसूक्ष्म फट असते आणि फीत त्या फटीवरून सरकते. प्रवाह आला की गाभ्याने चुंबक व्हावे, प्रवाह थांबला की चुंबकत्व सोडावे, अशी अपेक्षा असते. परंतु यंत्र सुरू अथवा बंद करताना बसणारा विजेचा झटका, चुंबकत्व आलेला स्क्रू-ड्रायव्हर, किंवा ओहममीटर लावून हेडची केलेली तपासणी, यांमुळे काही चुंबकत्व मागे राहू शकते. फीत ज्यांवरून जाते ते पोलादी खुंट आणि तिला ओढणारा दांडा यांतही ते साचते. कारण पोलाद एकदा घेतलेले चुंबकत्व सहजी सोडत नाही.

याचा परिणाम काय होतो? फितीत खरखर वाढते आणि उंच स्वर फिके पडू लागतात. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर दहा हजार कंपनांच्या स्वराची एक लाट एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. इतक्या बारीक नोंदीला धक्का सर्वांत आधी लागतो. स, श, च या वर्णांची धार, टाळांचा किणकिणाट आणि बांगड्यांचा नाद याच बारीक नोंदींत असतो. प्रत्येक वेळी फीत वाजवताना त्यातील थोडे पुसले गेले, तर ते पुन्हा आणता येत नाही.

तथापि आवाज मंद आला की दोष चुंबकत्वाचाच, असे मानू नये. पुष्कळदा हेडवर फितीची तांबूस भुकटी बसलेली असते, किंवा हेड किंचित तिरपे झालेले असते. म्हणून प्रथम कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड व खुंट स्वच्छ करावेत. शाळेत शिकवले जाते की, आकर्षण हा चुंबकत्वाचा पुरावा नव्हे. प्रतिसारण हाच खरा पुरावा. लहान होकायंत्र पोलादी खुंटाजवळ नेले आणि सुईचे एक टोक दूर ढकलले गेले, तर खुंटात चुंबकत्व आहे हे निश्चित. सुई केवळ ओढली गेली, तर काहीच सिद्ध होत नाही. सूक्ष्म चुंबकत्व मात्र या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी मॅग्नेटोमीटर लागतो.

आता निवडीकडे वळू. डिमॅग्नेटायझर म्हणजे लोखंडी गाभ्यावरील वेटोळे. घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्याने त्याचे क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा उलटसुलट होते. साधन सावकाश दूर नेले की ही उलथापालथ क्षीण होत शून्यावर येते आणि हेडमध्ये काही शिल्लक राहत नाही. साधनाचे गुण यावरूनच ठरतात. त्याची शक्ती पुरेशी हवी. अशक्त साधनाने पोलादी खुंटांतील चुंबकत्व हटत नाही. टोक लांब व निमुळते हवे, म्हणजे ते अडचणीच्या जागी पोचेल. टोकावर प्लॅस्टिकचे वेष्टन हवे. नसल्यास विजेच्या कामाची चिकटपट्टी एकवार गुंडाळावी, नाहीतर हेडला ओरखडा पडतो.

विजेचा दाब पाहणे तर अत्यावश्यक. अमेरिकेत बनलेले साधन सुमारे ११७ व्होल्टचे व साठ आवर्तनांचे असते; आपल्याकडील २३० व्होल्टवर ते जळून जाईल. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी पन्नास आवर्तनांवर त्यातून प्रवाह अधिक वाहतो आणि ते लवकर तापते. बोटाने दाबून धरण्याचे बटण असलेले साधन टाळावे; बोट निसटले की सारे काम बिघडते. कॅसेटच्या आकाराचे साधन रिळांच्या यंत्राला निरुपयोगी. बल्क इरेझर हे निराळेच उपकरण. ते संपूर्ण रीळ पुसून टाकते. जुन्या सामानाच्या दुकानात या दोहोंची गल्लत झाली, तर आजीच्या ओव्या क्षणात नाहीशा होतील.

वापरण्याची रीतही साधनाइतकीच महत्त्वाची. टेपरेकॉर्डर बंद असावा आणि सर्व फिती दुसऱ्या खोलीत असाव्यात. हातातील घड्याळ काढून ठेवावे. साधन यंत्रापासून हातभर दूर असतानाच सुरू करावे, सावकाश जवळ आणावे, हेडवरून व खुंटांवरून हळुवार फिरवावे आणि सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर अशा गतीने मागे घ्यावे. हातभर अंतर पडल्यावरच ते बंद करावे. टोक हेडजवळ असताना प्रवाह तुटला, तर शेवटच्या क्षणाचे चुंबकत्व हेडमध्ये गोठून राहते आणि स्थिती पूर्वीहून वाईट होते. खेड्यापाड्यांत वीज अवचित जाते, हे येथे विसरून चालणार नाही. तसे घडल्यास वीज आल्यावर सर्व क्रिया आरंभापासून पुन्हा करावी; तोवर फीत चढवू नये.

हा विधी किती वेळा करावा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी दर आठ-दहा तासांच्या वापरानंतर करण्यास सांगतात, तर कोणी म्हणतात की चांगल्या यंत्रात त्याची क्वचितच गरज पडते. एवढे मात्र खरे की, घाईने केलेल्या क्रियेपेक्षा न केलेली बरी. आणि ज्या फितीची दुसरी प्रत नाही, ती ऐकण्याची उत्सुकता थोडी आवरावी. हेड स्वच्छ व चुंबकत्वरहित करून, बिनमोलाच्या एखाद्या फितीवर यंत्राची चाचणी घ्यावी. मग मोलाची फीत चढवून तिच्या पहिल्याच वादनात तिची संगणकीय प्रत करून घ्यावी. ज्यांचा आवाज त्या फितीवर आहे, त्यांना तो पुन्हा मुद्रित करता यायचा नाही.