चेंबरखालचा बोल्ट



या व्यासपीठावर इतिहास ऐकायची तुमची सवय. आज मी गाडीच्या पोटाखालच्या दोन वस्तूंवर बोलणार आहे: ऑइल फिल्टर आणि ऑइल काढायचा बोल्ट. उदाहरणाला पोर्शे घेतली आहे, ती मिरवायला नव्हे. घरच्या गाडीत या दोन वस्तूंची निवड थोडी चुकली तरी ती बरीच वर्षं पचून जाते. मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या घरात फिरणाऱ्या इंजिनात ती पचत नाही.

१९९६ साली पोर्शेची बॉक्सस्टर आली आणि पाठोपाठ नवी ९११, कारखान्यातल्या नावानं ९९६. तोवरच्या ९११ हवेवर थंड होत. या दोन गाड्यांत पाण्यानं थंड होणारं एम ९६ इंजिन आलं. त्याचा फिल्टर म्हणजे कागदाच्या घड्यांची नळी. ती प्लास्टिकच्या डब्यात बसते आणि डबा खालून इंजिनाला आवळला जातो. ऑइल काढायचा बोल्ट शेजारच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात, ज्याला आपले मेकॅनिक सरळ चेंबर म्हणतात.

आता दुकानात काय होतं? काउंटरवर दोन फिल्टर ठेवले जातात. एकावर ‘९९ टक्के’ असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून लगेच खिशात हात घालू नका. ९९ टक्के कोणत्या आकाराचे कण, हे विचारा. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते, तेवढ्या जागेत ऑइलचा पडदा धातूला धातूपासून दूर ठेवतो. २० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवणारा फिल्टर आणि ४० मायक्रॉनचे अडवणारा फिल्टर, दोघांच्या खोक्यावर ९९च छापता येतं.

पण गाळण्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट खोक्यावर सहसा नसते. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंडीनं घट्ट असलं, तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. धरणाचा सांडवा जे काम करतो, तेच. एम ९६ मध्ये ही झडप प्लास्टिकच्या डब्यातच असते. पत्र्याच्या, फिरवून बसणाऱ्या फिल्टरांत ती कधी फिल्टरच्या आत, कधी इंजिनात. म्हणून आटे जुळले, रबर जुळलं, तरी फिल्टर जुळला असं होत नाही. झडप लवकर उघडणारी निघाली तर कचरा बेअरिंगकडे जातो. फार उशिरा उघडली तर दाबानं आतला कागद कोलमडतो. मूळ पार्ट नंबर का तपासायचा, तर यासाठी.

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स ५ मध्ये फिल्टर इनटेकखाली आडवा बसतो. तिथे इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहून जाऊ न देणारा रबरी पडदा चांगला हवा; सिलिकॉनचा असेल तर उष्णतेत लवकर कडक होत नाही. टोयोटा ८६ मध्ये फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर असतो, तोंड खाली करून. प्रश्न गाडीगणिक बदलतो.

एम ९६ साठी बाजारात ॲडॅप्टर मिळतात. प्लास्टिकचा डबा काढून पत्र्याचा फिल्टर लावायचा. त्यातल्या काहींत झडप नसते, सगळं ऑइल गाळूनच जातं. पुण्यामुंबईच्या हवेत सकाळी ऑइल फारसं घट्ट होत नाही, त्यामुळे इथे त्याचा धोका कमी. तरी तुंबलेल्या फिल्टरला मग सुटका नाही. ऑइल वेळेवर बदलणाऱ्या मालकानंच असा ॲडॅप्टर घ्यावा. बाकीच्यांनी मूळ डबा ठेवावा, हे माझं मत.

आता बोल्ट. या इंजिनाची एक दुखरी जागा जगजाहीर आहे: इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. ते ग्रीस भरून सीलबंद केलेलं. काळानं सील सैल होतं, ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि छर्रे झिजू लागतात. शेवटी शाफ्टचा आधार सुटला की टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. २००१ ते २००५ च्या मॉडेलांवरून अमेरिकेत मालक कोर्टात गेले. २०१३ मध्ये तडजोड झाली.

बेअरिंग मोडण्याआधी बरेचदा पोलादाचा चुरा सोडतं. चुंबक असलेला बोल्ट तो पकडून ठेवतो. हजारो रुपयांची शोभेची चाकं घेणारा माणूस या बोल्टावर घासाघीस करतो, हे मला कधी कळलेलं नाही! घेताना आट्यांचा व्यास, पिच आणि लांबी मूळ बोल्टाएवढीच हवी, आणि चुंबक पक्कं बसवलेलं हवं, नुसतं चिकटवलेलं नको. चुंबकाला ॲल्युमिनियम मात्र चिकटत नाही. म्हणून जुना फिल्टर कापून, घड्या उलगडून उजेडात बघावा लागतो. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते बहुधा चेन सरकते त्या पट्ट्यांचे. चकाकते कण दिसले आणि चुंबकानं उचलले, तर गाडी चालवणं थांबवा. खटका ओढून ऑइल सोडणारे बोल्टही मिळतात. पण जमिनीला टेकत चालणाऱ्या गाडीत ते नकोत; तिथे खाली काहीही लोंबू देऊ नये.

बोल्टाखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा. आवळायचं माप ५० न्यूटन मीटर, फिल्टरच्या डब्याचं २५. आपल्याकडे पान्याला पाइप लावून ‘अजून एक आवळ’ म्हणायची हौस असते, आणि बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचं. आटे कुणाचे जातात, ते सांगायला नको. एम ९६ मध्ये तळाचा पत्रा वेगळा निघतो, म्हणून निदान तेवढाच बदलता येतो. ज्या गाडीत तो वेगळा निघत नाही, तिथे नवे आटे पाडून इन्सर्ट बसवावा लागतो.

तुमच्यातल्या बहुतेकांकडे पोर्शे नाही, माझ्याकडेही नाही. मारुती असो की बुलेट, पुढच्या ऑइल बदलाला समोर उभे राहा. जुना फिल्टर आणि बोल्ट हातात मागा, वॉशर नवा लावायला सांगा, टॉर्क रेंच आहे का ते विचारा. आणि काढलेलं ऑइल गटारात न ओतता वापरलेलं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच जाईल, एवढं बघा.